गिरणीत मिळालेलं वरचं सप्तक

ऋषी लटारी गुरनुले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावली गावी एका राईस मिलमध्ये हलरच्या, म्हणजे धान भरडणाऱ्या यंत्राच्या, तोंडात धान सोडण्याचं काम करणारे गृहस्थ. ज्या आवाजावर मी अकरा वर्षं पोट भरलं आणि पुढे जो इतरांना शिकवून घर चालवलं, तो आवाज मला त्यांनी दिला. संपादकांनी 'रॉक गायकाचे अनुभव' लिहायला सांगितले तेव्हा हे नाव पहिल्या ओळीत घालायचं, एवढं एकच मी ठरवलं. बाकीचं जसं आठवेल तसं लिहितो.

चंद्रपूरचा रॉक गायक म्हटलं की लोक आजही हसतात. ऐंशीच्या दशकात तर जास्तच हसायचे. पण त्या काळात आमच्याकडे कोळशाच्या खाणी वाढत होत्या, वीज केंद्र उभं राहत होतं, आणि त्यांच्या कॉलन्यांमध्ये देशभरातून आलेली साहेब मंडळी राहत होती. प्रत्येक कॉलनीला एक क्लब होता. शनिवारी संध्याकाळी त्या क्लबात साहेबांच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलांना इंग्रजी गाणी हवी असायची, तीही जोरदार गिटारची. ती गाणी वाजवणारा आमचा पाच जणांचा बँड होता. नाव 'लॅम्परूम'. खाणीत उतरण्याआधी कामगार ज्या खोलीतून डोक्यावरचा दिवा घेतात, ती लॅम्परूम. नाव लेस्लीने ठेवलं होतं. लेस्ली म्हणजे बल्लारशाच्या रेल्वे गार्डचा मुलगा, आमचा गिटारवाला आणि म्होरक्या.

मी सावलीजवळच्या खेड्यातला. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. माझं बी.कॉम. झालं तेव्हा वडील पदवीचा कागद फ्रेम करायला सावलीला घेऊन गेले. फ्रेमवाल्याने न पाहताच विचारलं, "फोटो कोनाचा हाये?" वडील म्हणाले, "फोटो नाई. पोट्टा पास झाला." तो कागद आमच्या घरी बुद्धाच्या तसबिरीशेजारी लागला. त्या कागदाने मला खाणीच्या ऑफिसात नोकरी मिळावी अशी त्यांची इच्छा होती. मी चंद्रपूरला खोली घेऊन अर्ज करत राहिलो आणि अर्जांच्या मधल्या रिकाम्या दिवसांत लेस्लीकडे गायला लागलो. इंग्रजी गाणी मी देवनागरीत लिहून पाठ करायचो. उच्चार लेस्ली सुधारायचा. अर्थ विचारायला मला लाज वाटायची.

अडचण आली ती उंचीची.

पेटीवर काळी एकचा सा धरला तर बहुतेक पुरुषांचा आवाज वरच्या गंधारापर्यंत छातीतून, बोलण्याच्याच जागेवरून जातो. मध्यमाला गळ्याची शीर फुगते. पंचमाला आवाज एक तर फाटतो, नाही तर एकदम पातळ होऊन बाईसारखा निघतो. या दोन आवाजांच्या मध्ये एक सांधा असतो. तो दिसू न देता ओलांडणं म्हणजे पल्ला वाढवणं. रॉकची निम्मी गाणी या सांध्याच्या वरच राहतात. आपला पेटीवाला गायकाकडे पाहून पट्टी बदलतो, पण गिटारवाला बदलत नाही. त्याची सगळ्यात जाड तार मोकळी वाजली तरच गाणं गुरगुरतं. पट्टी खाली आणली की ते गुरगुरणं जातं. मी दोन-तीनदा लेस्लीला विनवलं. तो म्हणायचा, "यार अशोक, गाना नीचे नहीं आएगा. तू ऊपर आ."

वर जाण्यासाठी मी जे केलं ते आमच्या झाडीपट्टीतला माणूसच करेल. धानाला लोंबी धरली की आमच्याकडे रानडुकरं येतात. मग शेतात मचाण बांधून जागल करावी लागते. जागल म्हणजे हाका मारत राहणं. लहानपणी माझी हाक धानाच्या तीन बांध्या, म्हणजे तीन वाफे, ओलांडून जायची. ही माझी कमाई आहे असं मी समजत होतो. अंग मेहनतीने कमावतात तसा गळाही कमावता येईल, या हिशेबाने त्या हंगामात मी गावी गेलो आणि आमच्याबरोबर शेजाऱ्यांच्याही जागली अंगावर घेतल्या. रोज हाक थोडी थोडी वर चढवायची. शेजारी खूष. "यंदा डुक्कर फिरकलंच नाई बाप्पा," म्हणून त्यांनी माझ्या आईकडे पायलीभर पोहे पाठवले. अठराव्या दिवशी सकाळी उठलो आणि तोंडातून नुसती हवा आली.

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी गळ्यात छोटा आरसा घालून पाहिलं. आतल्या दोन्ही पट्ट्या सुजल्या होत्या. तीन आठवडे बोलायचं नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही.

ते तीन आठवडे मी गावी काढले. न बोलणाऱ्याशी लोक मोठ्याने बोलतात, जणू तो बहिरा झाला आहे. चार दिवसांनी तेही थांबतात. मग समोर बसूनसुद्धा तुमच्यावरून बोलणं जातं. गात नसलो तर मी कोण, हा प्रश्न मला तेव्हा पहिल्यांदा पडला. पदवीचा कागद भिंतीवर होता, त्याच्याकडे पाहत बसायचो.

अशात एकदा वडिलांबरोबर धान भरडायला सावलीच्या गिरणीत गेलो. हलर चालू असला की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही. त्या धडधडीत मला एका बाईचं गाणं ऐकू आलं. बारीक होतं, पण अख्ख्या आवाजाला भेदून येत होतं. मी बाई शोधू लागलो. हलरपाशी पंचावन्नचा एक माणूस उभा होता. भुवयांवर कोंडा साचलेला, ओठ जेमतेम हलत होते. वडिलांनी माझ्या दंडाला धरून ओढलं. बाहेर आल्यावर म्हणाले, "नाच्या होय थो. खडी गंमतीतला. तिकडं काऊन पाहून राह्यला?"

खडी गंमत म्हणजे आमच्याकडचा उभ्याने करायचा तमाशा. त्यात बाईचं काम पुरुषच करतो. साडी नेसून नाचतो आणि बाईच्या आवाजात गातो. त्याला नाच्या म्हणतात. ज्यांच्या अंगणात तो नाचतो, तेच लोक दुसऱ्या दिवशी रस्त्यात त्याला पाहून मनगट वाकडं करून दाखवतात. आमच्या घराने धम्म घेतला तेव्हा आजोबांनी वाजवणं-नाचणं सोडलं होतं. वडिलांसाठी माझं शिक्षण म्हणजे त्या अंगणापासून जितकं लांब जाता येईल तितकं लांब जाणं होतं.

बोलायची परवानगी मिळाल्यावर मी एकटाच गिरणीत गेलो. हलरपाशीचा तो माणूस म्हणजेच ऋषीभाऊ. त्यांनी मला ओळखलं, माझ्या जागलीची गोष्ट गिरणीपर्यंत पोचली होती.

"तूच नं थो डुकरं हाकलणारा?"

"हो."

"गानं म्हनून राह्यला का डुकरं हाकलून राह्यला, थे तरी तुले समजते काय गा?"

मला काय हवं आहे ते मी सांगितलं. त्यांनी मला हलरजवळ उभं केलं आणि गायला सांगितलं. मी स्वतःला ऐकू यावं म्हणून साहजिकच ओरडलो. त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला.

"गिरनीसंग भांडू नको. थे दहा घोड्यायची हाये. तू तुह्यापुरता गाय. इतका हळू, का गिरनी चालू हाये हे तुह्या गळ्याले मालूमच नाई पडलं पायजे."

"मले ऐकू येत नाई मग."

"कानाले काऊन इचारतं? इथी हात लाव." त्यांनी माझी बोटं आपल्या नाकाच्या हाडावर टेकवली आणि तो बाईचा सूर काढला. गिरणीच्या धडधडीखाली त्यांच्या हाडात एक बारीक, स्थिर गुणगुण होती. मग बोटं कपाळावर नेली. सूर वर गेला तशी ती गुणगुणही वर सरकली.

पुढे आवाज शिकवण्याची मोठाली पुस्तकं मी वाचली. या एका सकाळीपेक्षा जास्त त्यांत काही सापडलं नाही. गायक स्वतःला ऐकायला लागला की गळा दाबतो. गिरणीत ऐकण्याची सोयच नसल्यामुळे ऋषीभाऊ हाडाने गायला शिकले होते. आमच्या बँडलाही पाठीमागे ड्रम असायचा आणि गायकाकडे तोंड केलेला स्पीकर आम्हाला परवडत नव्हता. बाकीच्या बँडांच्या गायकांचे आवाज महिन्याभरात बसायचे. माझा बसला नाही, कारण मी क्लबातल्या गोंगाटाशीही भांडलो नाही.

सांध्याबद्दल त्यांनी सांगितलं, "आपल्या घराचं दार कसं असते? ठेंगनं. त्यातून जाताना तू छाती काढून जातं का? वाकतंस नं? तसा सांध्यापाशी लहान हो. आत गेल्यावर मंग उभा राय." खालून वर घसरत जायचं, पायऱ्या मोजायच्या नाहीत, आणि सांध्यापाशी आवाज लहान करायचा. दर सोमवारी मी एस.टी.ने सावलीला जायचो, आणि ते हलरमध्ये धान सोडता सोडता माझ्याकडून एवढं एकच करून घ्यायचे.

गुरुदक्षिणेचं मी विचारलं होतं. ते म्हणाले, "मले काई नको. नाव घ्यायचं फक्त." खडी गंमतीत रिवाज आहे. पहिलं गाणं सुरू करण्याआधी गाणारा लोकांकडे तोंड करून आपल्या उस्तादाचं नाव सांगतो. "मनातल्या मनात नाई हं," ऋषीभाऊ म्हणाले. "लोकायसमोर." मी हो म्हणालो. तोंडातून सहज निघालं.

चंद्रपूरला सराव करणं हेच एक संकट होतं. मी रुखमाबाईंच्या घरी मागच्या खोलीत राहायचो. वरचा आवाज कच्चा असतो तेव्हा तो अगदी बाईचाच वाटतो. तिसऱ्या दिवशी त्यांनी दार वाजवलं.

"अशोकभाऊ, आत कोन बाई हाये?"

"कोणी नाही बाई, मी एकटाच आहे."

"मंग आवाज कोनाचा?"

"माझाच."

त्यांनी आत येऊन खाटेखाली पाहिलं, दाराआडही पाहिलं. मग माझ्याकडे बराच वेळ बघून म्हणाल्या, "लगन करून टाका जी. असा एकट्यानं आवाज काढत बसन्यापरीस बरं."

शेवटी मला भोंगा सापडला. खाणीत पाळी बदलताना तो दिवसातून तीनदा वाजायचा. खालून घसरत वर जायचा, थोडा थांबायचा आणि पुन्हा खाली यायचा. मला नेमकं तेच करायचं होतं. भोंगा सुरू झाला की मी खिडकी लावून त्याच्याबरोबर वर जायचो, आणि त्याच्याबरोबरच उतरायचो. शहराला फक्त भोंगा ऐकू जायचा. वर्षभर चंद्रपुरात माझ्या आवाजाला त्याच्याशिवाय दुसरी सोबत नव्हती. सुट्टीच्या दिवशी भोंगा नसला की दिवस फार लांब वाटायचा.

पहिले दोन महिने आवाज बिघडल्यासारखाच होता. वर नुसता एक धागा, खाली माझा जुना आवाज आणि मध्ये भगदाड. मग धागा जाड होत गेला. होळीच्या सुमारास मध्यमाची ओढाताण गेली. पोळ्यापर्यंत पंचम घरचा झाला. धैवत आला तो कळलंही नाही. जोर सगळ्यात शेवटी घालायचा असतो. भिंत उभी राहिल्याशिवाय चुना लावत नाहीत, तसं. वर्षाच्या शेवटी निषाद माझ्या हाताशी होता, आणि चांगल्या दिवशी त्याच्या वरचा सा.

त्या सुरांना गिऱ्हाइकंही तऱ्हेवाईक मिळाली. एक बंगाली सर्व्हेअर साहेब होते. दर शनिवारी चिठ्ठी पाठवून एकच गाणं मागायचे आणि ते सुरू झालं की बॅडमिंटन कोर्टाच्या टोकाला जाऊन आमच्याकडे पाठ करून उभे राहायचे. मी एकदा धीर करून विचारलं. ते म्हणाले, "मेरा भाई गाता था. सामने देखता हूँ तो आप दिखते हैं." मला राग आला नाही. मीही गाताना कोणाकडे पाहत नव्हतो. वरच्या निषादावर माणूस पोचतो तेव्हा तिथे त्याच्याजवळ कोणीच नसतं. टाळ्या खालून येतात. कार्यक्रम संपला की बाकीचे चौघे बल्लारशाकडे जायचे आणि मी रुखमाबाईंच्या मागच्या खोलीकडे. गावी आई शेजारणींना सांगायची, "इंग्रजीत गातो म्हंते. आपल्याले समजत नाई, पन त्याले समजत असन." मलाही अर्धंच समजत होतं, हे मी तिला सांगितलं नाही.

आणि नाव? ते मी घ्यायचो. पहिलं गाणं सुरू होण्याआधी ॲम्प्लिफायरच्या मागे वाकून, तार तपासल्यासारखं करून पुटपुटायचो. लोकांसमोर एकदाही नाही.

एका कॉलनीच्या क्लबचा वार्षिक समारंभ होता. मी ऋषीभाऊंना बोलावलं. ते सावलीच्या बाहेर फारसे जात नसत, पण आले. धुतलेलं धोतर, पांढरा सदरा, टोपी. गेटवर पासाचं विचारल्यावर ते निमूटपणे जीपच्या ड्रायव्हरांजवळ, स्वयंपाकाच्या मांडवाकडे जाऊन उभे राहिले. मी स्टेजवरून पाहत होतो. खाली उतरून त्यांना आत आणावं असं मनात आलं, तेवढ्यात लेस्लीने पहिली तार छेडली.

त्या दिवशी मी जन्मात गायलो नव्हतो तसा गायलो. शेवटच्या गाण्यात वरचा सा लागला आणि राहिला. दिव्यांच्या पलीकडे मला ऋषीभाऊ दिसले. त्यांनी दोन बोटं स्वतःच्या नाकाच्या हाडावर ठेवली होती.

टाळ्या थांबल्यावर सूत्रसंचालन करणाऱ्या एका साहेबांच्या पत्नीने माईक माझ्यासमोर धरला. "इतनी ऊँची आवाज़! ये आपने सीखा किससे?"

ऋषीभाऊंना हिंदी चांगलं समजायचं. त्यांनी बोटं खाली घेतली, टोपी नीट केली आणि ते सरळ उभे राहिले.

मी म्हणालो, "नागपूर में एक मैडम हैं. मिसेस परेरा."

हे नाव कुठून आलं, मला अजून माहीत नाही. नागपूरला माझ्या ओळखीचं कोणी नव्हतं. मला भीती कशाची वाटली ते मात्र पक्कं माहीत आहे. नाच्या हा शब्द त्या हिरवळीवर उच्चारला गेला असता, कोणीतरी मनगट वाकडं करून दाखवलं असतं, आणि आतापर्यंतचं माझं गाणं त्या मनगटासारखं दिसलं असतं. भिंतीवरचा पदवीचा कागदही डोळ्यांपुढे आला. हे सगळं एका श्वासात झालं.

मी खाली उतरून त्यांच्याकडे गेलो. ते ड्रायव्हरांबरोबर चहा पीत होते.

"सूर बराबर लागला," ते म्हणाले. "सांध्यापाशी लहान झाला तू. थे पाह्यलं मी."

"भाऊ, ते नाव मी..."

"बस निंगन आता माही." कप खाली ठेवून ते हसले. "परेराबाईले माहा नमस्कार सांगजो."

त्यानंतर वर्षभर मी गिरणीत पाऊल टाकलं नाही. गावी जाताना बसस्टँडवरून लांबचा रस्ता धरायचो. आवाजाला काही झालं नाही. शाप वगैरे मी मानत नाही. सूर लागत राहिले. फक्त सांध्यापाशी लहान व्हायची वेळ आली की मी खरोखरच लहान व्हायचो, आणि वर गेल्यावर पूर्वीसारखा उभा राहत नव्हतो.

खोटं एकदा सांगितलं की त्याला सांभाळावं लागतं. मिसेस परेरांना मी हळूहळू पियानो दिला, चष्मा दिला आणि नागपूरच्या सदर भागात घर दिलं. खाणीतले एक ओव्हरमन, म्हणजे कामगारांवर देखरेख करणारे, होते. त्यांच्या मुलीचा आवाज गोड होता. ते बाईंचा पत्ता विचारायला आले. मी म्हणालो, "सदरमध्ये कोणीही सांगेल."

ते मुलीला घेऊन नागपूरला गेले. दोन दिवस सदरच्या गल्ल्या फिरले, चर्चच्या दारांत उभे राहून विचारलं. एक मिसेस परेरा सापडल्याही. त्या टायपिंग शिकवायच्या. आपण जन्मात गायलो नाही, असं सांगून त्यांनी दोघांना सरबत पाजलं. हे सगळं ओव्हरमन मला आपल्या व्हरांड्यात बसून सांगत होते, आणि शेवटी म्हणाले, "आमचंच चुकलं असन. पत्ता नीट लिहून घ्याले पायजे होता."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी कदाचित तिसरं काहीतरी रचलं असतं. त्यांनी चूक स्वतःकडे घेतली, तेव्हा रचायला काही उरलं नाही. मग मी उभा राहिलो आणि खरं ते सांगितलं. गिरणी, हलर, खडी गंमत, सगळं.

ओव्हरमन "नाच्या?" एवढंच म्हणाले. मुलगी म्हणाली, "मंग सावलीलेच जाऊ नं बाबा. नागपुरापरीस जवळ हाये." ते तिला पाठवायला तयार झाले नाहीत. तिला शेवटी मीच शिकवलं. ती माझी पहिली विद्यार्थिनी.

लेस्लीला सांगितलं तर तो माझ्यावर चिडला, पण वेगळ्याच कारणाने. "अबे, पहले बोलना था न! मैं खुद जाता सीखने." ज्या हसण्याला मी वर्षभर घाबरलो, ते हसणं तिथे नव्हतंच.

पुढच्या शनिवारी क्लबमध्ये मी माईकवर ऋषीभाऊंचं पूर्ण नाव घेतलं, खडी गंमतीसकट. लोकांनी सौजन्याने टाळ्या वाजवल्या आणि कोल्ड्रिंककडे वळले. त्या हिरवळीवर त्या नावाला ओळखणारं कोणी नव्हतं. रिवाज पुरा झाला नाही, हे मला तिथेच कळलं. नाव अशा ठिकाणी घ्यायला हवं होतं जिथे त्या नावाला लोक हसत आले होते.

म्हणून मी पोस्टकार्ड लिहिलं. आंतर्देशीय पत्र बंद असतं, ते नको होतं. ऋषीभाऊंना वाचता येत नव्हतं. त्यांचं टपाल गिरणीचे मुनीम वाचून दाखवत, तेही धान घेऊन आलेल्या दहा लोकांसमोर. पोस्टमन वाटेत वाचणार तो वेगळाच.

त्यांनी मला माफ केलं का, याचं उत्तर माझ्याकडे नाही. मुनीमजींनी नंतर सांगितलं, "मालक बोंबलले, पन हलर बंद करूनच वाचलं. ऋषीनं दोनदा वाचाले लावलं." मी सोमवारचा पुन्हा जाऊ लागलो. तुसाच्या धुळीने त्यांची छाती भरत आली होती, गाणं जवळजवळ थांबलं होतं. मी गायचो आणि ते माझ्या कपाळाला हात लावून ऐकायचे. अशी दोन वर्षं मिळाली. पोस्टकार्डाचा विषय त्यांनी कधी काढला नाही, मीही नाही. कच्चा मजकूर माझ्या गाण्यांच्या वहीत राहिला होता. तो जसाच्या तसा देतो.

"आदरणीय ऋषीभाऊ यांस, अशोकचा नमस्कार.

मुनीमजी, हे कार्ड हलर बंद करून मोठ्याने वाचावं. तेवढ्या वेळात जे धान थांबेल त्याबद्दल सर्वांनी मला माफ करावं.

मी चंद्रपूरला गातो. माझा आवाज जिथपर्यंत जातो तिथपर्यंत तो ऋषी लटारी गुरनुले यांनी नेला आहे. ते खडी गंमतीत नाच्याचं काम करत आणि त्यांनी मला या गिरणीत उभं करून शिकवलं. मी लोकांसमोर त्यांचं नाव घेईन असं कबूल केलं होतं. वेळ आली तेव्हा ते समोर उभे असताना मी दुसरंच नाव घेतलं. नागपूरला माझी कोणी बाई नाही. ते मी खोटं बोललो. मला लाज तुमची वाटली होती, भाऊ, हे लिहिताना हात थांबतो, पण तेच खरं आहे. आता लाज माझी वाटते.

गिरणीत जे कोणी ऐकत असतील त्यांनी हे नाव लक्षात ठेवावं.

मी येत्या सोमवारी दहाच्या बसने येतो. दाराशी उभा राहीन. तुम्ही आत बोलावलं तर येईन, नाही बोलावलं तर पुढच्या सोमवारी पुन्हा येईन.

तुमचा,
अशोक"